छटाकचा खुराक

"यात शिजवायचं काहीच नाही, बाबा," असं मुलीने फोनवर सांगितलं आणि काटासाहेबांचा विरोध मावळला. तोवर त्यांनी कुत्र्याचं पिल्लू न पाळण्याची इतकी कारणं दिली होती की शेवटची दोन-तीन त्यांची त्यांनाच पटेनाशी झाली होती.

काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानदार मागून त्यांना 'काटा' म्हणत आणि समोरून 'साहेब'. निवृत्तीनंतर मागून आणि समोरून असा फरक करण्याइतकं महत्त्व उरलं नाही, तेव्हा लोकांनी दोन्ही शब्द जोडून टाकले.

"घरात कोणीतरी हवं, बाबा," मुलगी म्हणाली होती.

"घरात मी आहे ना."

"तुमच्याशिवाय कोणीतरी."

मुलगी लांबच्या शहरात नोकरीला, बायको जाऊन वर्ष होत आलेलं. घरात बोलण्यासारखी वस्तू म्हणजे प्रेशर कुकर, पण तो बायको गेल्यापासून गप्प होता.

पिल्लू आलं. मोठं झाल्यावर दारात आडवं झोपलं तर कुलूप लावायला नको, अशा आडदांड जातीचं ते होतं. आल्या दिवशी मात्र ते साहेबांच्या वहाणेवर मावलं, म्हणून साहेबांनी त्याचं नाव छटाक ठेवलं. खात्याने छटाक केव्हाच रद्द केला होता. साहेबांना आयुष्यात एकदा तरी एखादं रद्द माप कायदा मोडून घरात ठेवायचं होतं, ती हौसही भागली.

मुलीच्या सूचना स्पष्ट होत्या. सकाळी पाकिटातला कोरडा खाऊ, संध्याकाळी कच्चं मांस, त्यात नावाला कलेजी. मांस आधी गोठवायचं, मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवायचं, भांडी वेगळी, हात साबणाने. "आणि भरमसाट घालायचं नाही हं. या जातीची पिल्लं भराभर वाढली तर सांधे कामातून जातात. सावकाश वाढायला हवं. पण मागेही पडता कामा नये."

"म्हणजे सरकारी बढतीसारखं," साहेब म्हणाले.

"दर रविवारी वजन कळवायचं. मी पाठवलेल्या वयाच्या तक्त्यापेक्षा वजन मागे पडलं तर खाणं थोडं वाढवायचं, पुढे गेलं तर कमी करायचं. आणि बाबा, नाहीच झेपलं तर माझी मैत्रीण त्याला न्यायला तयार आहे. तिच्याकडे अंगण आहे."

ते अंगण साहेबांना लागलं. ज्याने भल्याभल्या व्यापाऱ्यांचे काटे उचलून नेले, त्याच्यावर आता कोणाच्या तरी अंगणाची धमकी! "वजनाचं मला शिकवू नकोस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मांसाच्या दुकानात गेले. खाटकाने त्यांना पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"साहेब, ओळखलंत? माझा काटा तुम्ही उचलून नेला होतात."

"का नेला होता?"

"थोडं खात होता."

"मग बरोबर नेला."

"बरोबरच नेलात. बोला, काय देऊ?"

साहेबांनी सांगितलं: पिल्लासाठी, बिनहाडाचं, चरबी काढून, आणि वजन चरबी काढल्यानंतरचं. खाटकाने तुकडा टाकला. काटा जरा जास्त दाखवू लागला.

"काढा तेवढं."

"राहू द्या की साहेब, माझ्याकडून पोराला."

"माझ्याकडून आयुष्यात कोणी जास्त घेतलं नाही, मीही कोणाकडून घेणार नाही. काढा."

खाटकाने चिमटीभर काढलं. कमी झालं. चिमटीभर घातलं. जास्त झालं. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, कुत्र्यासाठी घेताय की प्रयोगशाळेसाठी?" साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. या नजरेने पूर्वी माणसं आपणहून परवाना काढून दाखवत. बाईंनी फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली. अधिकार गेल्यावर नजर तीच राहते, चष्म्याचा नंबर तेवढा वाढतो.

घरी आल्यावर आठवड्याच्या मांसाच्या पुड्या बांधता बांधता साहेबांच्या लक्षात आलं, की आपल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा म्हणजे मटारासाठी केलेली सोय आहे. निम्म्या पुड्या बाहेरच राहिल्या. मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे जाणं आलं. बाईंचा फ्रीज मोठा होता आणि त्याहून मोठा होता तो परोपकार करण्याचा उत्साह.

"ठेवा हो, ठेवा! पण डब्यात घालून ठेवा. मला ते दिसता कामा नये."

बाईंना दिसू नये म्हणून साहेबांनी एक सुबक डबा शोधला. दुर्दैवाने तो आइस्क्रीमचा होता. पुढच्याच आठवड्यात बाईंकडे त्यांच्या जुन्या सहकारी शिक्षिका आल्या. गप्पा रंगल्या, काचेच्या वाट्या निघाल्या, आणि बाईंनी सगळ्यांसमोर झाकण उघडून चमचा रोवला. आत कलेजी होती.

किंकाळी तळमजल्यापर्यंत ऐकू आली. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. एरवी पाण्याची टाकी भरून वाहिली तरी त्यांना ऐकू येत नसे.

"काटासाहेब, इमारतीत कच्चं मांस साठवायची परवानगी आहे का?" सेक्रेटरींनी जिन्यातच गाठलं.

"मनाई आहे का?"

"नियमावलीत उल्लेख नाही."

"उल्लेख नाही म्हणजे परवानगी आहे."

"उल्लेख नाही म्हणजे परवानगी नाही! स्वयंपाकाच्या वासाबद्दल कलम आहे."

"पण मी स्वयंपाक करतच नाही," साहेब म्हणाले. जन्मभर जिची लाज वाटायला हवी होती, ती गोष्ट त्या दिवशी त्यांनी कायदेशीर मुद्दा म्हणून मांडली.

सेक्रेटरी विचारात पडले. मग त्यांनी एक तोडगा काढला. असे तोडगे काढण्यासाठीच माणसं सेक्रेटरी होतात. "हा साठा घरगुती आहे की व्यावसायिक, ते ठरवावं लागेल. एका कुत्र्याला एवढं लागतं, असं जनावरांच्या डॉक्टरांचं पत्र आणा. तोवर वरचा फ्रीज बंद."

"वरचा फ्रीज बंदच आहे," बाई वरून ओरडल्या. "मी तो धुतेय!"

पत्राचं साहेबांनी लांबणीवर टाकलं आणि मांस रोजच्या रोज आणायला सुरुवात केली. खाटकाकडे जायला एक निमित्तही झालं. तो निदान बोलायचा तरी.

आता खरी गोष्ट वजनाची. छटाक वजनकाट्यावर उभा राहत नसे. एक पाय ठेवला की दुसरा काढी, चारही ठेवले की काटा चाटू लागे. त्यामुळे साहेबांनी शास्त्रशुद्ध पद्धत काढली: पिल्लाला उचलून स्वतः काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. स्वतःचं वजन त्यांना पाठ होतं. अठ्ठ्याहत्तर किलो. गेली कित्येक वर्षं त्यात फरक नव्हता. बायको तर म्हणायची, यांच्या वजनावर सरकारी शिक्का मारलाय. काटाही त्यांनी स्वतः तपासलेला, त्यामुळे त्यात खोट निघण्याचा प्रश्नच नव्हता.

अडचण एवढीच की पिल्लू हातात असताना खालचा आकडा दिसत नसे. कलेजीचा राग ओसरल्यावर मुख्याध्यापिकाबाई दर रविवारी सकाळी आकडा वाचायला येऊ लागल्या. त्या वाकून, चष्मा सावरून, शाळेत निकाल वाचावा तसा मोठ्याने वाचत.

साहेब मनात वजाबाकी करत आणि त्यांचा चेहरा पडे. छटाक मागे होता. पहिल्यांदा थोडासा, मग जरा जास्त.

"हा मागे?" बाई म्हणाल्या. "अहो, याचं पोट जमिनीला टेकायचं बाकी आहे. मला तर हा पोत्यासारखा दिसतो."

"बाई, डोळा हे प्रमाणित माप नाही."

"मी चाळीस मुलांच्या वर्गात कोण डबा खाऊन आलंय आणि कोण नाही, हे डोळ्यांनीच ओळखायचे."

"ते अंदाज झाले. आकडा बोला."

"आणि तुमचा चेहरा का असा ओढल्यासारखा दिसतोय?"

"आपण पिल्लाबद्दल बोलतोय."

संध्याकाळचं मांस थोडं वाढलं. पुढच्या रविवारी छटाक आणखी मागे. मग आणखी वाढलं. खाटकाने मनापासून विचारलं, "साहेब, कुत्रा एकच आहे ना?" जिना उतरताना छटाक पायऱ्यांवरून चालण्याऐवजी घरंगळू लागला. रस्त्यात लोक म्हणत, "काय गुटगुटीत आहे हो!" साहेब खिन्नपणे उत्तर देत, "दिसतो तसा. आतून हडकुळा आहे."

छटाकच्या खाण्यापिण्याच्या या गडबडीत साहेबांचं स्वतःचं जेवण म्हणजे चहात बुडवलेले टोस्ट, नाहीतर एखादं केळं, तेही ओट्याशी उभ्यानेच. एका माणसासाठी ताट घ्यायचं, ते पुन्हा घासायचं, यात त्यांना कार्यक्षमता दिसत नसे. पँट सैल झाली तेव्हा त्यांनी चांभाराकडून पट्ट्याला दोन भोकं वाढवून घेतली आणि हल्लीचं कातडं फार ताणतं, अशी त्याच्याकडे तक्रारही केली.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही. पूर्वी मुलीचा रविवारचा फोन म्हणजे "बरे आहात ना?" "बरा आहे." "औषध घेतलंत?" "घेतलं." आणि मग दोघांनी आपापल्या गावच्या हवेबद्दल थोडं बोलायचं. आता तासभर फोन चाले. आणि वजन मागे पडल्यापासून तर तिचा बुधवारीही फोन येऊ लागला होता. छटाकच्या काळजीने साहेबांचा जीव खालीवर होई हे खरं. पण बुधवारी ते घंटी वाजायच्या आधीपासूनच फोनजवळ बसलेले असत, हेही तितकंच खरं.

अशाच एका बुधवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आता मला भीती वाटतेय. एवढं खाऊन वजन वाढत नाही म्हणजे काहीतरी आजार असेल. डॉक्टरांकडे न्या. आणि... तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण मी मैत्रिणीशी बोलून ठेवलंय."

त्या दिवशी साहेब छटाकला नुसते थोपटत बसले. छटाक त्यांच्या मांडीवर मावत नव्हता, म्हणून त्याने मांडीवर फक्त डोकं ठेवलं आणि बाकीचा छटाक जमिनीवर ठेवला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईत होत्या. दवाखान्यात जमिनीलगतचा सपाट वजनकाटा होता, त्यावर खाऊ ठेवला की जनावर आपोआप चढायचं. छटाक चढला. आकडा आला तीस.

"अरे बापरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, हा फारच जाड झालाय."

"शक्य नाही. तो एकवीस किलोचा आहे."

"काटा तीस दाखवतोय."

काटासाहेब ताठ झाले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कोणीतरी त्यांच्या विषयात बोलावलं होतं. "तुमचा काटा शेवटचा कधी तपासला?" त्यांनी खाली वाकून शिक्का शोधला. शिक्का होता, मुदतीतला होता. तरी ते खचले नाहीत. शिक्क्यांवर किती विश्वास ठेवावा, हे शिक्के मारणाऱ्याइतकं कोणाला कळणार?

"मी दाखवतो," असं म्हणून ते वहाणा काढून स्वतः काट्यावर चढले. "माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. आता हा सत्त्याऐंशी दाखवेल, बघा."

काट्याने एकोणसत्तर दाखवले.

साहेबांनी चष्मा पुसला. एकोणसत्तरच.

"आश्चर्य आहे," ते म्हणाले. "कुत्र्याला नऊ जास्त दाखवतो आणि माणसाला नऊ कमी! एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा लबाड काटा मी पाहिला नाही. डॉक्टर, हा जप्त व्हायला हवा."

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातली कुत्र्यांच्या खाऊची न उघडलेली गोणी उचलून काट्यावर ठेवली. गोणीवर छापलं होतं दहा. काट्यानेही दहाच दाखवले. मग त्या स्वतः चढल्या, आकडा पाहून नाक मुरडलं, आणि म्हणाल्या, "दुर्दैवाने हेही बरोबर आहे."

साहेबांनी वहाणा पायात सरकवल्या. त्यांच्या डोक्यात रविवारच्या वजाबाक्या एकामागून एक सरकत होत्या. दर आठवड्याला ते अठ्ठ्याहत्तर वजा करत होते आणि दर आठवड्याला अठ्ठ्याहत्तरातले थोडे नाहीसे होत होते. ते जाणारे किलो त्यांनी इमानदारीने पिल्लाच्या खात्यावर कमी टाकले होते, आणि मग पिल्लाला खाऊ घालून भरून काढले होते. हिशेब चोख होता. नऊ इकडून गेले, नऊ तिकडे आले. फक्त वजन कोणाचं घटतंय, एवढंच निरीक्षकांच्या नजरेतून सुटलं होतं.

"काका, खाणं काय असतं?"

"सकाळी पाकिटातलं, भिजवून. संध्याकाळी बिनहाडाचं कच्चं, चरबी काढून. कलेजी अगदी नावाला. मांस आधी गोठवून..."

"त्याचं नाही. तुमचं."

साहेबांनी तोंड उघडलं. पिल्लाच्या खाण्याचं त्यांना सगळं तोंडपाठ होतं. स्वतःच्या खाण्याबद्दल त्यांना टोस्टच्या पुढे काही आठवेना. "ते... आपलं... भूक लागली की," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंची घाई कुठेतरी गेली. त्यांनी स्टूल ओढलं, साहेबांना बसवलं आणि त्यांच्याकडूनच मुलीचा नंबर घेऊन फोन लावला. साहेबांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं, पण दुसरी बाजू त्यांना पाठ होती.

"नाही, आजारी नाही. उलट जाड झालाय. सांधे अजून ठीक आहेत, वेळेवर आणलं. खाणं कमी केलं की येईल ताळ्यावर... हो. नाही, त्याचं वजन कमी नव्हतंच. वडलांचं कमी झालंय." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "हो, रक्त तपासायला सांगते त्यांच्या डॉक्टरांकडे. पण मला वाटतं, आधी जेवण तपासावं." त्यांनी फोन साहेबांच्या हातात दिला.

"बाबा," मुलगी म्हणाली.

"चूक माझी आहे," साहेब पटकन म्हणाले. "अप्रमाणित वजन वापरलं. खात्यात हा गुन्हा आहे. तुझी मैत्रीण कधी येणार ते सांग, मी त्याची भांडी धुऊन ठेवतो."

"बाबा, तुम्ही मला दर रविवारी सांगायचात ना, बरा आहे म्हणून?"

"बराच होतो. नऊ किलो कमी बरा होतो."

मुलीला हसू आलं की रडू, हे फोनवरून कळलं नाही. कदाचित तिलाही कळलं नसावं. "मैत्रीण नाही येणार," ती नाक ओढत म्हणाली. "तुमच्याकडे छटाकशिवाय दुसरं कोण आहे मापात चूक दाखवायला? पण यापुढे रविवारी मला दोन आकडे हवेत. त्याचा आणि तुमचा. वेगवेगळे उभं राहून."

"आणि बुधवारी?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"बुधवारी काय जेवलात ते."

निघताना साहेबांनी सेक्रेटरींसाठी पत्र मागितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, की या कुत्र्याला आता आधीपेक्षा निम्मंच मांस लागेल. जिन्यात ते वाचून सेक्रेटरी जरा हिरमुसले, कारण पुढच्या सभेचा एक विषय गेला. मुख्याध्यापिकाबाई मात्र सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "चेहरा ओढलेला दिसतोय, म्हटलं नव्हतं?" आणि एक फ्लॉवर, दोन टोमॅटो आणि "कुकरच्या तीन शिट्ट्या, चौथी झाली तर खीर होते" एवढी विद्या देऊन वर निघून गेल्या.

संध्याकाळी कुकर दीड वर्षाने बोलला. पहिल्या शिट्टीला छटाक टेबलाखाली गेला. साहेबही दचकले, पण घरात वडीलधारे तेच असल्यामुळे त्यांनी दाखवलं नाही. भात थोडा लागला, फ्लॉवर थोडा कच्चाच राहिला. कच्च्या खुराकाचे फायदे या विषयावर ते हल्ली बरंच बोलले असल्यामुळे त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

छटाकचं नवं, निम्मं जेवण वाडग्यात पडलं आणि साहेबांनी हात धुऊन येईपर्यंत संपलंही. वाडगं चाटून, उलटं करून, त्याखालीही पाहून झाल्यावर त्याने या अन्यायाचा उगम शोधायला सुरुवात केली. साहेबांनी कपाटातून ताट काढलं, पुसलं, वाढून घेतलं आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले. छटाक समोर येऊन बसला. त्याने हनुवटी टेबलाच्या कडेवर ठेवली आणि डोळे ताटावर रोखले. घास ताटातून उठला की नजर उठे, तोंडापर्यंत जाई आणि घासाबरोबर खाली उतरे.

कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्या ताटाकडे बघत होतं.

ती नजर निःस्वार्थी होती, असं अगदी प्रेमानेसुद्धा म्हणता आलं नसतं. पण साहेबांनी तिच्यासमोर मान खाली घालून, सावकाश, एकेक घास चावून सगळं ताट संपवलं. मग थोडा भात पुन्हा वाढून घेतला.